ताटात काय उरलं?

निकिता गर्जे आमच्या तिसगावची. वय सव्वीस. डोळ्यांना उजेड-अंधार तेवढा कळतो. कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि ती ऐकून प्रोग्राम लिहायचं काम करते. मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं पोती उचलली. कष्ट कशाला म्हणतात ते मला ओळखता येतं. हिचे मी जवळून पाहिले.

रस्त्यावरच्या अंगदरावांच्या हॉटेलात दहा जेवणांवर अकरावं फुकट मिळे. त्यासाठी कार्ड होतं, कार्डावर शिक्के. निकिताला ते दिसत नसत. वाढपी सांगेल तेवढे खरे.

"जेवते मी, अन् मोजनार दुसरा?" असं म्हणून तिने मोबाईलचं ॲप करायला घेतलं. अंगदराव म्हणाले, "कर. गिऱ्हाइकाचं मतबी त्यात घे. चाललं तर ठेवू."

मोबाईल तिने पहिल्यांदा माझ्या हातात दिला. माझ्या बोटांना घट्टे. एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जात, नाहीतर एकही नाही.

"माझी बोटंच वाईट," मी म्हणालो.

"तात्या, शिवण उसवून पोतं सांडलं तर हमाल वाईट का?"

"न्हाई. शिवणारा."

"मग शिवणारी मी हाय. परत दाबा."

तिने बावीस वेळा दाबायला लावलं. दर वेळी सुधारून आणलं. शेवटी पडद्यावर चारच बटणं राहिली, काळ्यावर पिवळी, काडेपेटीएवढी. बोट ठेवलं की बटण बोले, दोनदा दाबलं की काम होई. "सहा जेवणं झाली, चार राहिली." घाई नाही. दाबेपर्यंत बटण जागचं हलत नसे. याला चार महिने लागले.

हॉटेलात आठवडाभर लावून पाहिलं. 'जेवण कसं होतं?' या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर, छान. अंगदराव खूश. निकिता मागच्या दारी गेली, खरकट्याची बादली उचलून पाहिली. जड होती.

"तात्या, समदे खोटं बोलत्यात."

"खोटं न्हाई गं. आपल्यात अन्नाला नाव ठेवत न्हाईत. मालक समोर बसलेला असताना तर न्हाईच."

ती दोन दिवस घरातून बाहेर आली नाही. मग प्रश्न बदलून आणला. 'ताटात काय उरलं?' भाकरी, भाजी, भात, काही नाही. आता कुणाला नाव ठेवायचं नव्हतं. लोक धडाधड सांगू लागले. साठांतल्या एकेचाळीस जणांनी भाजी टाकली होती.

भाजीचा मसाला अंगदराव स्वतः करत. ते तापले.

"माझ्या भाजीला आजवर कुनी नाव ठेवलं न्हाई!"

"अजूनबी न्हाई ठेवलं. भाजी तेवढी ठेवून गेलेत."

वाढपी हसला. त्याने मालक आणखी चिडले. "त्यो प्रश्न काढ, ॲप तुझंच ठेवतो. न्हाईतर नगरहून तयार आनतो. त्यात चांदण्या दाबायच्या असत्यात."

"त्या मला दिसायच्या न्हाईत."

"आंधळी गिऱ्हाइकं येत्यात किती?"

"उंच पायरी बांधायची अन् पांगळा येत न्हाई म्हनायचं! आना तुमच्या चांदण्या. प्रश्न मी काढनार न्हाई."

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "एका प्रश्नापायी चार महिने घालवतीस?"

"तुमी कधी पोतं निम्म्या वाटेत टाकलंत का?"

टाकलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही एसटीने घोडेगावला गेलो. जनावरांच्या बाजाराजवळ कडूबाईंची खानावळ आहे. जेवायला व्यापारी, टेम्पोवाले, बरेच न वाचता येणारे. निकिताने मोबाईल टेबलावर ठेवला आणि बाजूला सरली. तासाभरात सतरा जणांनी दाबलं, कुणी विचारायला आलं नाही. कडूबाई पदराला हात पुसत आल्या, सगळं ऐकून घेतलं.

"आठ जनांनी भात टाकला म्हनतो ह्यो मोबाईल," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटंल असं रोज येनार का यात?"

मी निकिताचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"रोज येईल, मावशी. कमी करून मिळनार न्हाई."

कडूबाईंनी भाताच्या पातेल्याकडे पाहिलं.

"मग लाव," त्या म्हणाल्या.