कुणी हलू नका

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से फार. कारण साधं आहे. आम्ही ज्या वस्तू बनवतो त्या डोळ्यांना धड दिसत नाहीत, मग दिवसभर एकमेकांकडेच बघत बसावं लागतं.

लॅब कर्जतच्या एका इंजिनीयरिंग कॉलेजात, रुळांना अगदी लागून. पीएचडी करणारे आम्ही तिघं: मी, पुण्याचा निखिल आणि पोशीरची प्रज्ञा. प्रज्ञाची चिप कंपनं ओळखते. तांदळाच्या कणीएवढी चिप, तिच्यावर केसाहून बारीक पट्टी. जरा कुठे थरथर झाली की स्क्रीनवर लाट उमटते. अशा चिप्स तिच्याकडे बऱ्याच होत्या. एकेक करत मोडल्या, एकच उरली. तीच पीएचडीच्या कमिटीपुढे चालली तर मुदतवाढीवर सही, नाहीतर प्रज्ञाची पीएचडी तिथेच बंद.

* * *

चिप चिमट्यातून उडते. म्हणून आमचा एक नियम आहे. "कुणी हलू नका!" असं कुणी ओरडलं, की असेल तिथे थांबायचं, पायातलं काढायचं आणि गुडघ्यांवर बसून शोधायचं.

एकदा आमचे गाइड सर आले तर आम्ही तिघं फरशीवर ओणवे. सरांनी एका शब्दाने विचारलं नाही. बूट काढले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि टेबलाखाली शिरले. अर्ध्या तासाने आतूनच आवाज आला, "कुणाची चिप आहे?"

निखिल म्हणाला, "चिप नाही सर. माझी कॉन्टॅक्ट लेन्स."

* * *

याच निखिलने एकदा शोध लावला. प्रज्ञाच्या चिपवर त्याला रोज संध्याकाळी एक मोठी लाट दिसायची, आपोआप. पठ्ठ्याने पेपरचं नावही ठरवलं, वर मोठ्या मनाने माझं नाव तिसरं टाकलं.

प्रज्ञाने लाट बघितली, मग घड्याळ. "अरे, ही पुण्याची गाडी. घाटासाठी मागून इंजिनं लावतात ना, ती ढकलायला लागली."

शोध लावणारे संशोधक दर शनिवारी त्याच गाडीने घरी जातात.

* * *

प्रज्ञाची आई एकदा भाकरी घेऊन आली. लेक इतकी वर्षं करते तरी काय, ते बघायचं होतं. मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाली, "आनि ही कणी करती काय गं?"

"जरा कुणी हाललं तरी हिला कळतं, आई."

"मंग घरी आन. तुज्या बापाला लावून बगू."

* * *

आणि मग कमिटी आली. बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून एक मॅडम होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मला संध्याकाळची पुण्याची गाडी गाठायची आहे. लवकर दाखवा."

प्रज्ञाने चिमटा उचलला. आणि शेवटची चिप उडाली.

"कुणी हलू नका!" ती सवयीने ओरडली, थेट मॅडमवरच.

मॅडम उचललेलं पाऊल तसंच धरून थांबल्या. सर बूट काढून खाली बसले. आम्हीही बसलो. बराच वेळ गेला. प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही संपलं सगळं असंच वाटलं.

तेवढ्यात मॅडम हळूच म्हणाल्या, "माझ्या निऱ्यांत काहीतरी चमकतंय. आता पाय टेकू का?"

चिप जागेवर बसली, सिग्नल घेणाऱ्या सुया तिच्यावर टेकल्या. स्क्रीनवर सरळ रेघ. अजून कुणी हलायची हिंमत करत नव्हतं, मग लाट येणार कुठून!

मॅडमनी पर्स उचलली. "यात मला तर काहीच दिसत नाही."

आणि रेघ उठली. मोठी, लांबलचक लाट, थांबेचना.

"हे काय आहे?"

प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, पुण्याची गाडी सुटली."

मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं, मग घड्याळाकडे. पर्स परत टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पेन द्या."