नदीपलीकडचा भाग

ओसाकात मला शेजारच्या हारुको आजींनी सांभाळलं, हे आधी सांगतो. नववीत शाळा सोडलेला मी ज्याच्या भरवशावर इथे आलो, तो मावसभाऊ सायमन मला न सांगताच खोली सोडून गेला. फोनही उचलेना. तेव्हा आजी मला त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या.

तिथे शहरातल्या लोकांसाठी प्रार्थना करतात ती खिडकीशी उभं राहून, डोळे उघडे ठेवून. प्रत्येकाने एकेक भाग वाटून घेतलेला. आमच्या नगरकडे आम्ही डोळे घट्ट मिटतो. आजींनी काचेवरची वाफ तळहाताने पुसली आणि नदीपलीकडच्या इमारती दाखवल्या. "हा तुझा."

सायमन तिथेच राहतो, हे मला कळलं होतं. मोडक्या जपानीत म्हणालो, "दुसरा द्या ना, आजी. तिथे मला फसवणारा राहतो."

"बरं झालं. आमच्यातल्या कुणाच्याच ओळखीचं तिथे कुणी नाही."

मी तिथल्या सगळ्यांचं भलं मागितलं, एकाला सोडून. ज्यांनी आपलं काही बिघडवलं नाही, त्यांच्यासाठी मागायला काय लागतं? काच पुन्हा धुरकटली.

आजी, तुमचे उपकार मी फेडणार आहे. एक दिवस ती काच मी स्वतः पुसेन आणि त्याचं नाव घेईन. आज मात्र नाही जमलं.