रिकाम्या रकान्यातली पोरं

"सगळे म्हंजे कोन कोन?"

कुणी "सगळे पास झाले" असं म्हणालं, की बाई चष्मा कपाळावर सरकवून हेच विचारायच्या. परीक्षा विभागात त्यावरून त्यांची टिंगल चाले. टिंगलीसाठी त्या विभागाला फार काही लागत नसे.

बाई पिशोरच्या. नवरा याच विभागात कारकून होता. तो गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्यांची ओळख एकच, 'अनुकंपावाल्या'. गुणपत्रकातली चूक लांबून हेरणाऱ्या बाईचं काम कुणाला आठवायचं नाही, फक्त नवऱ्याचं मरण आठवायचं. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. नीट पाहा एकदा.

मी त्याच विद्यापीठात संगणक प्रयोगशाळेत कंत्राटी सहायक होते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. नवं सॉफ्टवेअर आलं, सगळ्यांना डेटाबेसचं प्रशिक्षण ठरलं आणि विभागाच्या साहेबांनी यादीतून बाईंचं नाव खोडलं. "दोन वर्षांत घरी जाणार. यांना कशाला?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन माझ्या लॅबमध्ये हजर.

"पोरी, मला शिकीव. हळू शिकते, पण इसरत नाय."

सरावासाठी मी एक लुटुपुटीचं विद्यापीठ तयार केलं होतं. विद्यार्थी, विभाग, विषय, गुण असे चार तक्ते. एकूण किती, सरासरी किती, सर्वांत जास्त कुणाला, हे बाई एका बोटानं टाइप करत शिकल्या. 'ग्रुप बाय', म्हणजे गट पाडायची आज्ञा, लिहिली आणि प्रत्येक विभागाचा आकडा वेगळा होऊन समोर आला, तेव्हा त्यांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली.

"लई ब्येस! इतकी वर्षं मी दुसरं काय इचारत होते?"

एकदा त्या अडल्या. विद्यार्थी मोजले तर बारा, गुण मोजले तर नऊ. "तीन लेकरं कुठं गेली गं?"

"त्यांचे गुण भरलेलेच नाहीत, बाई. रकाना रिकामा आहे. रिकामं मोजलं जात नाही."

"रिकामं म्हंजे शून्य का?"

"नाही. शून्य म्हणजे पेपर दिला आणि काही आलं नाही. रिकामं म्हणजे आपल्याला ठाऊकच नाही."

बाईंनी त्या तीन रिकाम्या रकान्यांवरून बोट फिरवलं. "व्हय. लई फरक हाय."

उन्हाळी परीक्षेचा निकाल तयार झाला. बाईंनी साहेबांना विचारलं, "मी एकदा गट पाडून बघू का?" मी तिथंच उभी होते. साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "बघा. वाचायला कुणाचं काय जातं?"

बाईंनी केंद्रवार गट पाडले, प्रत्येक विषयातले सर्वाधिक गुण काढले. फर्दापूरकडच्या एका केंद्रासमोर प्रात्यक्षिकाचा आकडा होता शून्य. म्हणजे तिथल्या सर्वांत हुशार पोरालाही शून्य. केंद्र अख्खं नापास.

साहेब म्हणाले, "तिकडची पोरं तशीच असतात."

हे वाक्य मी आजही विसरलेली नाही. कधी न पाहिलेल्या पोरांचं वर्ष बुडवायला एवढं एक वाक्य पुरतं!

"साहेब, एकाला पडलं असतं तर मी गप ऱ्हायले असते. सगळ्यांला कसं पडंल?"

"निकाल उद्या लागणार. तुम्ही तुमचं टेबल बघा."

बाईंनी रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीनं त्या केंद्रावर गेल्या. प्रात्यक्षिकाची गुणयादी तिथंच कपाटात पडून होती, परीक्षकांच्या सहीसकट. ती इकडं आलीच नव्हती आणि आमचं महागडं सॉफ्टवेअर रिकाम्या रकान्यात शून्य भरून मोकळं झालं होतं. बाई दुपारी घामाघूम परतल्या आणि यादी थेट कुलसचिवांच्या टेबलावर ठेवली. निकाल थांबला. सुधारून लागला. पोरं पास झाली.

नंतर परिपत्रक निघालं, 'तांत्रिक पथकाच्या तत्परतेमुळे' त्रुटी दूर झाली म्हणून. आणि बाईंना नोटीस, परवानगीशिवाय मूळ माहिती पाहिल्याबद्दल.

चौकशीत मला बोलावलं. साहेब समोरच बसले होते. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "यांना परवानगी दिली होती का कुणी?"

माझा करार जूनमध्ये वाढायचा होता. मी म्हणाले, "मला आठवत नाही."

बाईंना आवक-जावकला बसवलं. पाकिटांवर शिक्के मारायला. मी तोंड लपवत फिरले, तर चौथ्या दिवशी त्याच डबा घेऊन आल्या. मी रडायला लागले. "तुझी नोकरी कच्ची हाय, मला म्हाईत नाय का? जेव आधी." त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या प्रेमानं मला जास्त लागलं.

निवृत्तीच्या दिवशी शाल आली, नारळ आला. साहेब भाषणाला उठले. "बाईंनी कधी कुणाला त्रास दिला नाही. सगळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतात."

मी उभी राहिले. "सर, परवानगी तुम्हीच दिली होती. माझ्यासमोर. मी चौकशीत खोटं बोलले."

कुणीतरी घाईघाईनं समोसे वाटायला घेतले. बाई शालीची घडी घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजूच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी तिथं जाऊन बसले. त्यांनी माझा हात घट्ट धरला तो चहा संपेपर्यंत सोडला नाही.

माझा करार पुढं वाढला नाही. ते ठीकच झालं.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी गाडी देऊ केली. "नगं," बाई म्हणाल्या. फाटकाशी त्यांनी नारळ वॉचमनच्या हातात दिला, शाल पिशवीत कोंबली आणि भर उन्हात रिक्षा थांब्याकडे ताडताड चालत गेल्या. मागं वळून पाहिलं नाही. पाहावं असं तिथं होतं तरी काय?