अडकलेला पडदा आणि शरीफभाई

शरीफभाईंनी पहिल्याच भेटीत मला त्यांच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर अडवलं. "वैनी, मागचं झाकण उघडू नका! आत फिल्म आहे ना?"

"आहे म्हणून तर नाटे गावाहून रत्नागिरीला आले. नुसता डबा असता तर मिठाला वापरला असता."

त्यांनी मला स्टूल दिलं आणि कॅमेरा हातातून काढून घेतला. त्याला वीसएक वर्षं होऊन गेली. आता शरीफभाईंना पंचाहत्तर पूर्ण होतात आणि त्यांच्या गौरवाचा अंक काढणारी मंडळी म्हणतात, तुम्हीही लिहा. माझी शाळा चौथीत सुटली. गोड गोड इतरांनी लिहिलंच असेल, मी घडलं ते सांगते.

कॅमेरा आमच्या ह्यांचा. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही बुरशी येते, म्हणून ह्यांनी तो तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला आणि नारळी पौर्णिमेला बाहेर काढला. होडी पाण्यात जायची होती. माझे धाकटे दीर वसंत नवी टोपी घालून तिच्यापाशी उभे राहिले, ह्यांनी बटण दाबलं. पुढे थोड्याच दिवसांत वादळात होडी उलटली. बाकीचे पोहून आले, वसंत आले नाहीत. प्रेतही मिळालं नाही. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता, आणि कॅमेरा तर पुरता अडकलेला. सुटेल म्हणून ह्यांनी त्यात खोबरेल सोडलं.

वसंतांची बायको, माझी जाऊ शेवंती, दारात बसून असायची. जो तो तिला म्हणायचा, "येतील गो, लागले असतील कुठल्यातरी बंदराला." मलाच त्या बोलण्याचा राग यायचा. निदान फोटो तरी मिळावा म्हणून मी निघाले.

शरीफभाईंनी कॅमेरा नाकाला लावला. "वैनी, फोटो काढलेत की मोदक तळलेत?" पण लगेच गंभीर झाले. बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत कॅमेरा घातला, हात आत घालून डोळे मिटले आणि आधी फिल्म काढली. आधी आतलं वाचवायचं, मग यंत्राकडे बघायचं, ही त्यांची रीत. शटरचा पडदा तेलात भिजलेल्या कोंड्याने चिकटला होता, अगदी खळ लावल्यासारखा. स्पिरिटने पुसत बसले, जेवायलाही उठले नाहीत. शेवटी खट्ट झालं. मी हात जोडले, तर म्हणाले, "थांबा. हा फोटोच्या आधी अडकला की नंतर, ते फिल्म धुतल्यावर कळेल. तोवर घरी काही बोलू नका."

निरोप धाडता आला असता. पण शरीफभाई स्वतः एसटीने आमच्या नाटे गावी आले आणि शेवंतीसमोर बसले. फिल्म उजेडाला धरली. आधीच्या वर्षीचे गणपती होते, पुढे सगळी कोरी.

"ताई, पडदा आधीच अडकला होता. बटण वाजलं, पण आत उजेड गेलाच नाही. वसंतरावांचा फोटो ह्यात नाही."

मी भडकले. "असं तोंडावर सांगतात?"

"वैनी, मी 'बघू' म्हटलं, तर त्या माझीही वाट बघत बसतील."

शेवंतीने विचारलं, "नाही म्हणजे नाहीच?"

"नाहीच."

वादळानंतर शेवंती तेव्हा पहिल्यांदा रडली. शरीफभाई उठले नाहीत की समजूत घालत बसले नाहीत. रडून झाल्यावर तिने त्यांना भाकरी वाढली आणि स्वतःही जेवली. दुसऱ्या दिवसापासून दारातली बसायची जागा तिने सोडली.

शरीफभाईंच्या दुकानात आजही आजोबांचे कॅमेरे घेऊन पोरंपोरी येतात. होणारं काम ते जीव लावून करतात, न होणाऱ्याला तोंडावर नाही म्हणतात. दोन्ही करणारा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतरच्या नारळी पौर्णिमेला शरीफभाई न बोलावता आले. होड्या सुटण्याआधी एकेका खलाशाला उभं करून त्यांनी फोटो काढला. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. पोरं टंगळमंगळ करतात, तर शेवंती ओरडते, "मेल्यांनो, भाई ताटकळलेत, तोंडं धुवा नि उभे ऱ्हावा!" फोटो घरोघरी तीच पोचवते.

शरीफभाईंना भरपूर आयुष्य मिळो, डोळे शाबूत राहोत, हात कापू नयेत. दर वर्षी त्यांनी आमच्या माणसांचे फोटो काढावेत, आणि त्यातल्या एकालाही हार घालायची वेळ समुद्राने आणू नये.