साडेपाचचा तास आणि दुपारचा पेपर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. एकच विषय वर्षानुवर्षं शिकवला की ते आपसूक साठत जातात, आणि घरात ऐकायला कोणी नसलं की जरा जास्तच साठतात. मग माझ्यासारखा माणूस चहाचं आधण ठेवता ठेवता स्वतःलाच एखादा सांगतो आणि नेमका शेवट चुकवतो. म्हणून एकदा लिहून काढतोय.

रत्नागिरीतली, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कायद्याचा वर्ग संध्याकाळी साडेपाचला भरायचा, कारण विद्यार्थी सगळे नोकरीवाले. मी राज्यघटना शिकवायचो. माझ्या नावापुढे तीन पदव्या होत्या आणि माझ्यापुढे नऊ विद्यार्थी. पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन नागपूरला. दिवसभरात मी माणसांशी बोलायचो तो हा एकच तास. त्याची मला सकाळपासून धास्ती असायची, आणि तो कधीतरी हातचा जाईल याची त्याहून मोठी!

माझी एक पद्धत होती. मुंबईचा पेपर दुपारी एसटीने यायचा. त्यातली कोर्टाची बातमी कात्रीने कापायची, टाचण्यांनी फळ्याच्या चौकटीला लावायची आणि तिथून तास सुरू करायचा. पुस्तकातलं कलम आज कोणाच्या तरी कामी आलंय हे मुलांना दिसावं, एवढाच हेतू. पद्धत चांगली होती का? मला अजून खात्री नाही.

*

पहिल्याच दिवशी मी अशी एक बातमी लावली. विचारलं, "यात कुठल्या मूलभूत हक्काचा प्रश्न आहे?"

मागच्या बाकावर शिवलकर होता. पावस गावचा, एसटी डेपोत क्लार्क. तो डोळे बारीक करून कात्रणाकडे बघत होता. मला वाटलं, चला, एक तरी विचारात पडला! त्याने हात वर केला.

"सर, जरा उलटं करता काय? मागच्या बाजूला मॅचचा स्कोअर आलाय!"

*

नसीमा पहिल्या बाकावर बसायची. शाळेत शिक्षिका, वडील आखातात. वर्गात सर्वांत हुशार, म्हणून मला सर्वांत जास्त भीती तिची.

एकदा उच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आला होता. मी तो शिकवताना असा रंगलो की घड्याळ विसरलो. हा निकाल का टिकेल, वरचं कोर्ट त्याला का हात लावणार नाही, याची पाच कारणं फळ्यावर लिहिली. खडू संपला तेव्हा नसीमा उभी राहिली.

"सर, सुप्रीम कोर्टाने त्याला सकाळीच स्थगिती दिली. दुपारी रेडिओवर सांगितलं."

माझे हात खडूने पांढरे आणि चेहरा बहुधा त्याहून. "अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

"कसं सांगू, सर? वर्षात पहिल्यांदाच तुम्ही खुशीत दिसत होतात!"

दुसऱ्याच दिवशी मी ट्रान्झिस्टर आणला. वर्गासाठी म्हणून आणला. पण नंतर तो घरी सुट्टीच्या दिवशीही चालूच असायचा.

*

मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याचा खटला तेव्हा गाजत होता. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो का, असा मुद्दा. मी वर्गाचे दोन गट पाडले. एक गट म्हणाला, फुटपाथ चालण्यासाठी आहे. दुसरा म्हणाला, माणसाने जायचं कुठे? इंग्रजी शब्द इकडून तिकडे फेकले जात होते. मी मागच्या बाकाकडे वळलो.

"शिवलकर, तुमचं काय म्हणणं?"

"माझा चुलतभाऊ तिथंच राहतो, सर. भायखळ्याला. मी त्याला पत्र घालतो ना, तर पत्ता लिहितो, 'अमक्या दुकानासमोरचा फुटपाथ.' पत्र बरोबर पोचतं! सरकारचा पोस्टमन त्याला घर समजतो, तर सरकार का नाही समजत?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "उद्या सांगतो." तो उद्या अजून आलेला नाही.

*

साधं पत्रसुद्धा सर्वोच्च न्यायालय याचिका म्हणून दाखल करून घेतं, अशा बातम्या त्या वर्षांत यायच्या. मी एक लावली. म्हटलं, "न्याय आता पोस्टकार्डावर आला!"

तीन दिवसांनी प्राचार्यांचं बोलावणं. टेबलावर सात पोस्टकार्डं मांडलेली. सगळी सरन्यायाधीशांच्या नावे. 'आमच्या महाविद्यालयाच्या संडासाला कडी नाही. हा प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काचा भंग आहे.' खाली कलम एकवीस, आणि त्याखाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव!

"सर," प्राचार्य म्हणाले, "सरन्यायाधीश दिल्लीहून आपल्या संडासाला कडी लावायला येणार आहेत का?"

ही कार्डं त्यांच्यापर्यंत आली कशी, तर मुलांनी ती टपालात टाकायला तुकाराम शिपायाकडे दिली होती. तुकाराम दारातच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"उघडीच कार्डं, सर, म्हणून वाचली. पण वर्गाची खिडकी मोडलीय, तिचं कोणी लिहिलंन नाय! म्हणून साहेबांना दाखवली."

कडी दुसऱ्या दिवशी लागली. खिडकीही झाली. पण प्राचार्यांनी मला थांबवून घेतलं. "सर, परीक्षेत पेपरातल्या बातम्या विचारत नाहीत. सहामाहीचा निकाल खाली आला, तर दिवाळीनंतर हा विषय मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल."

ते चुकीचं बोलत होते असं मला वाटलं नाही. तीच तर पंचाईत होती!

*

मग नव्या पक्षांतरबंदी कायद्याची पाळी आली. मी समजावलं की एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाते, पण एक तृतीयांश एकत्र बाहेर पडले तर ती फूट, आणि फुटीला माफी.

आठवड्याने वर्गातले तिघे माझ्यासमोर खाली माना घालून उभे राहिले. गावातल्या एका वकिलांच्या नोट्सची शिकवणी त्यांनी लावली होती. वेळ तीच, साडेपाचची.

"म्हणजे तुम्ही मला सोडून चाललात," मी म्हणालो.

"तसं नाही, सर!" त्यांच्यातला एक घाईघाईने म्हणाला. "नवातले तिघं म्हणजे बरोबर एक तृतीयांश. हे पक्षांतर होत नाही, सर. फूट आहे!"

उत्तर अचूक होतं. तिघांनाही मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. दुसऱ्या दिवशी सहाच जण आले, आणि हजेरी घेताना, का कोण जाणे, मी नऊही नावं वाचली.

*

सहामाहीचा निकाल खाली आला. प्राचार्यांनी विषय काढून घेतला. मी "बरं" म्हणालो. शेवटच्या तासाला लावायला बातमी होती ती एका कारकुनाची. त्याला बाजू मांडू न देता कामावरून काढलं होतं, आणि कोर्टाने परत घ्यायला लावलं होतं. "ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा, त्याचं ऐकून घ्यावं लागतं," एवढं सांगून मी पुस्तक मिटलं. दिवाळीनंतर माझा तास नसेल, हेही जाता जाता सांगितलं.

दोन दिवसांनी प्राचार्यांच्या खोलीत पुन्हा बोलावणं. नऊच्या नऊ विद्यार्थी उभे! फुटलेले तिघेही. सरांना बाजू मांडू न देता विषय काढता येणार नाही, असा अर्ज, खाली नऊ सह्या.

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "ठीक आहे. सर, मांडा तुमची बाजू."

रात्रंदिवस जे मनात घोळत होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. "खरं सांगायचं तर... मला प्राचार्यांचंच म्हणणं बरोबर वाटतं."

"अहो सर!" शिवलकर ओरडला. "तुम्हीच फितूर झालात!"

नसीमाने अर्ज हातात घेतला. शाळेत गोंगाट करणाऱ्या मुलांशी ती बोलत असेल, त्याच आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबा. आम्ही बोलतो."

मी बाहेर आलो. दार लागलं. आतून नऊ जणांचे आवाज एकदम यायला लागले. तुकारामाने मला त्याचं स्टूल दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून ऐकत राहिला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सर, आत सुनावणी कोणाची चाललीय?"

"माझी."

"मग तुम्ही भायेर कसे?"