पेनांगला नेलेल्या दशम्या

विमान सुटायच्या आदल्या दिवशी शशीवैनींनी चाळीस दशम्या भाजल्या. दुधात पीठ मळून केलेली दशमी चार दिवस टिकते, म्हणून ही शिदोरी. सोबत शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खरडा आणि लिंबाचं लोणचं. पोरीनं, म्हणजे वरदानं, आईला साठावं लागलं म्हणून मलेशियातल्या पेनांगची पाच दिवसांची सहल काढून दिली होती. आईनं पाच दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही, एवढी एकच अट तिनं घातली होती. आणि तिची आई ओट्यापाशी घाम पुसत उभी.

"बाबा, तुम्ही हे सगळा जेवण घेऊन का जातो?" वरदा वैतागली. ती इंग्लंडात, स्लाऊतच जन्मली, त्यामुळं तिच्या मराठीत जेवण कधी नर असतं, कधी मादी. "तिकडे फूड साठीच जातात लोक!"

"जात्यात आन् पोट धरून माघारी येत्यात," सतीश बॅगेचं वजन करत म्हणाला. "पयल्यांदा घरचं संपवायचं, मग बाहेरचं बघू."

हा सतीश भोईटे माणदेशातल्या खडकवाडीचा. तीस वर्षं स्लाऊच्या गोडाऊनात फोर्कलिफ्ट चालवली, आता घरी बसलाय. माणूस वाईट नाही. शेजाऱ्याची गाडी बंद पडली तर पावसात ढकलायला पहिला हा. पण लहानपणी दहिवडीच्या बाजाराला जातानासुद्धा आई फडक्यात भाकरी बांधून द्यायची, ते फडकं काही त्याच्या डोक्यातनं सुटलं नाही. ब्रायटनला गेले, दशम्या. एडिनबराला गेले, दशम्या. तिथं किल्ला बघून खाली आले की बाकावर डबा उघडायचा. घरनं आणलेलं टाकायचं नाही, आणि ते असताना दुसऱ्याचं खायचं नाही. बोकडाचं मटण हाडासकट चघळणारा गडी, शाकाहारी बिकाहारी काही नाही. फक्त दुसऱ्याच्या हातच्या कढईवर त्याचा भरवसा नव्हता.

वैनींचं उलटं. बावीस वर्षं विमानातल्या जेवणाच्या कारखान्यात कामाला. डोक्याला जाळी, हातात मोजे, पुढं सरकता पट्टा. प्रत्येक ट्रेमध्ये एक पाव, एक लोण्याची वडी. रोज हजारो लोकांचं जेवण हातावरून जायचं आणि त्या स्वतः सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात डबा खायच्या. दुसऱ्यानं गरम गरम करावं, पुढ्यात आणून ठेवावं आणि आपण नुसतं बसून खावं, असं त्यांच्या आयुष्यात लग्नाच्या पंगतीशिवाय झालं नव्हतं. तिथंही म्हणे अर्ध्यातनं उठून वाढायला लागायच्या.

पट्ट्यावर त्यांच्या शेजारी सू लान उभी असायची. पेनांगची चिनी बाई, वैनींपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळं एकमेकींना चांगलं कळायचं. सू लानच्या बापाची पेनांगात नूडल्सची गाडी होती. तांदळाच्या चपट्या नूडल्स, कोळशाचा जाळ, त्यात कोळंबी, शिंपल्या, वरून अंडं. बाप गेला तेव्हा कागदपत्रं अडकली म्हणून ही मयताला पोचली नाही. भावानं बोलणं टाकलं ते टाकलंच. गाडी आता तो चालवायचा. सू लान अठरा वर्षं त्या नूडल्सची वर्णनं करायची आणि वैनी पाव ठेवता ठेवता ऐकायच्या.

सहल ठरल्यावर सू लाननं कागदावर गल्लीचा नकाशा काढून दिला. "तू खा. आणि मला सांग, माझ्या बापासारखा हात आहे का त्याचा. दोनच्या आत जा. दोनला तो आवरतो."

"जाते," वैनी म्हणाल्या. "शपथ."

पेनांगात पहिले तीन दिवस बघण्यात गेले. डोंगरावरचं मोठं देऊळ झालं, त्याच्या पायऱ्या चढताना सतीशचा गुडघा बोलायला लागला. जुन्या गल्ल्यांतल्या भिंतींवरची चित्रं झाली. भिंतीवर रंगवलेली पोरं आणि पुढं खरीखुरी सायकल, तिथं फोटो काढायला ही रांग. चौकाचौकात गाड्या, शेगड्या, वाफा. नारळाच्या दुधात हिरव्या शेवया घालून बर्फाचं काहीतरी विकत होते, तिथं वैनी थांबल्या.

"अहो, एकच वाटी घिऊ. दोघांत."

"बर्फ कुठल्या पाण्याचा, ठावं हाय का? चल. चोवीस राहिल्यात अजून."

चोवीस म्हणजे दशम्या. समुद्राकाठी बसून त्यांनी खरडा लावून चार खाल्ल्या. शेजारच्या बाकावरची गोरी जोडी केळीच्या पानावर भात ओरपत होती. वैनी त्यांच्याकडं बघत होत्या आणि सतीश वैनींकडं बघत नव्हता.

चौथ्या दिवशी नकाशा निघाला. उद्या सकाळी परतीचं विमान, म्हणजे हा शेवटचाच दिवस. वैनींनी निळा पंजाबी ड्रेस घातला. सतीशनंही मान डोलावली. "आज तुझ्या त्या नूडली खाऊ. पन आधी टेकडीवरची आगगाडी. तिकिटं काढल्यात."

उभ्या चढाची ती आगगाडी वर गेली दहा मिनिटांत. खाली यायला मात्र तासभर रांग. उतरून शहरात येईपर्यंत एक वाजला. गल्ली जवळच होती. पण वाटेत समुद्रातल्या खांबांवर बांधलेल्या लाकडी घरांचा धक्का आला आणि सतीशला सावली दिसली. तो बसला. डबा उघडला.

"अहो, तितं जेवायचंय न्हवं?"

"सा राहिल्यात. वास सुटाय लागलाय. उद्या इमानात काय करायचं ह्यांचं? खाऊन टाकू, मग तितं जाऊ."

"दोनला बंद करतोय म्हनली ती."

"दोन म्हंजी अडीच-तीन गं. धंदा टाकून कोन घड्याळ बघतंय?"

वैनींनी दोन खाल्ल्या. सतीशनं चार. वर बाटलीतलं पाणी प्यायला, टोपी तोंडावर घेऊन पाच मिनिटं म्हणून आडवा झाला. वैनींनी नकाशाचा कागद चार घड्या करून मुठीत धरला होता. त्याला हलवून उठवावं असं त्यांना तीनदा वाटलं. उठवलं नाही. बावीस वर्षं पट्ट्याच्या वेगानं हात चालवणारी बाई, पण नवऱ्याला घाई कर म्हणायची सवय नव्हती.

गल्लीत पोचले तेव्हा अडीच. शेगडीतले निखारे राखेखाली गेले होते. एक पाठमोरा माणूस वाकून कढई घासत होता. टेबलं पुसणाऱ्या बाईनं लांबूनच हात हलवला. "फिनिश, फिनिश!"

वैनी एक पाऊल पुढं गेल्या. त्यांना सू लानचं नाव घ्यायचं होतं. पण दंडाला हात लागला.

"संपलं म्हनत्यात ना? कशाला त्यांच्या पाया पडायचं? टॅक्सी हुबी हाय, चल."

आणि वैनी गेल्या. दंड सोडवला असता तर सुटला असता, असं सतीश आता सांगतो. तेवढा काही जोरात धरला नव्हता मी, म्हणतो.

स्लाऊला आल्यावर सोमवारी वैनी पट्ट्यावर उभ्या राहिल्या. सू लाननं विचारलं, "खाल्लंस?"

खरं सांगितलं असतं तर नवऱ्याचं नाव सांगावं लागलं असतं. वैनी म्हणाल्या, "खाल्लं. लई चांगलं. तुझ्या बापासारखाच हात."

ट्रे सरकत राहिले. पुढच्या आठवड्यात तिनं रात्रपाळी मागून घेतली. दारात समोरासमोर आल्या तरी ती बूट बघत निघून जायला लागली.

वैनींनी घरात आदळआपट केली नाही. स्वयंपाक वेळेवर, चहा वेळेवर. फक्त बोलणं संपलं. पूर्वी कामावरून आल्या की सू लान असं म्हणाली आन् सू लान तसं म्हणाली, तासभर चालायचं. सतीश टीव्हीचा आवाज वाढवायचा. आता टीव्ही बंद केला तरी ऐकायला काही नव्हतं. महिनाभरानं वैनींनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच. "मी खोटं बोलले तिच्याशी. पन तिला कळलं कसं, ते काय उमगंना."

मग सतीश एका शनिवारी दुपारी सू लानच्या दारात गेला. तिनं दार अर्धं उघडलं.

"तुम्ही आला नाही," ती म्हणाली.

"आलो होतो. उशीर झाला. चूक माझी, तिची नाही."

"किती वाजता?"

"अडीच."

सू लान दारातल्या पायरीवर बसली. मग तिनं सांगितलं. वैनी निघाल्या त्याच दिवशी तिनं भावाला फोन केला होता. एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा. माझी मैत्रीण येतेय, पांढऱ्या केसांची, सोबत नवरा. भावानं आधी फोन ठेवला. मग अर्ध्या तासानं त्यानंच उलटा लावला. तिखट खातात का, विचारलं. रोज वाट बघायचा. शेवटच्या दिवशी मोठी कोळंबी सोलून वेगळी काढून ठेवली, दोन प्लेटा मांडून ठेवल्या, आलेलं गिऱ्हाईक माघारी लावलं, दोनच्या पुढं सव्वादोनपर्यंत जाळ धरून बसला. संध्याकाळी बहिणीला फोन करून म्हणाला, तुझी माणसंही तुझ्यासारखीच. येतो म्हणतात आणि येत नाहीत. त्यानंतर त्यानं फोन उचललेला नाही.

"मी सांगतो त्याला," सतीश म्हणाला.

"तुला चिनी येतं?"

"नाही."

"मग काय सांगशील? काय करत होता तुम्ही दोन वाजता?"

सतीशनं सांगितलं. खोटं सुचलंच नाही त्याला.

"भाकरी?" सू लान त्याच्याकडं बघत राहिली. "इंग्लंडहून भाकरी नेलीस? पेनांगला?" ती हसायला लागली. हसता हसता मध्येच थांबली आणि उठून आत गेली. दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं सतीशचं म्हणणं.

घरी येताना तो स्टेशनबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून होता. वैनींना हे सांगायचं की नाही. नाही सांगितलं तर आपण खोटं बोललो म्हणून मैत्रीण गेली, असं त्या समजून बसणार. सांगितलं तर ह्याची काय गत होणार ते दिसतच होतं. शेवटी सांगितलं. ओट्यापाशी उभा राहून, टोपी हातात धरून, सू लाननं सांगितलं त्याच क्रमानं.

वैनींनी गॅस बारीक केला.

"किती प्लेटा ठिवल्या व्हत्या म्हनला?"

"दोन."

"दोन," वैनी म्हणाल्या. "म्हंजी तुमची बी ठिवली व्हती त्यानं."