मानेमागची गाठ

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, पाळकानं उपासनेला घालायचा पांढरा झगा मागून उघडा होता. कुणा गोऱ्या मिशनऱ्याच्या मापाचा, सोलापुरात शिवलेला. मानेमागं दोन बंद, आणि ते आपले आपल्याला काही बांधता येत नसत. पाळकाला बायको असणारच, असं शिंप्यानं धरलं असावं. मला होती. नळदुर्गात दर रविवारी उपासनेआधी ती मला दाराकडं तोंड करून उभं करायची नि बंद करकचून बांधायची. "लई लांबवू नगा उपदेश," म्हणायची, "न्हायतर गळा आवळंल." मी चिडायचो. राग तसा माझ्या नाकावरच.

शेवटच्या रविवारी ती तापानं फणफणली होती, तरी उठून गाठ मारलीच. उपासना संपल्या संपल्या घरी धावलो, झगा डोक्यावरून ओढून काढला, खुंटीला टांगला आणि तिच्या उशाशी बसलो. त्याच आठवड्यात ती गेली. जवळपास दुसरा पाळक नव्हता, तिला माती मलाच द्यायची होती. झगा घ्यायला गेलो तर गाठ तशीच होती, तिनं मारलेली. मी तो डोक्यावरून घातला.

पुढंही तसाच घालत राहिलो. कान सोलवटायचे, सोलवटू देत. निजामी अमलाचे ते अखेरचे दिवस. धामधुमीच्या भीतीनं मंडळीतली घरं एकेक करून सरहद्दीपलीकडं निघून गेली. मागं उरली चार म्हातारी माणसं. घरात बोलायला कुणी नाही. भाकरी करपली तरी ओरडणारं माणूस नव्हतं. रविवारी मानेला ती गाठ टोचली की बरं वाटायचं. खरं सांगतो, मी रविवारची वाट बघायचो ती उपासनेसाठी कमी आणि गाठीसाठी जास्त.

झगा मात्र मळत चालला. परटाकडं दिला तर तो गाठ सोडणार, म्हणून देत नव्हतो. चर्चची झाडलोट करणारी म्हातारी मावशी मागं लागली, "पाळकसाहेब, ईस्टर आला. द्या की धुवायला."

"देव मन बघतो मावशी, कापड न्हाय," मी खेकसलो.

"देवाला दिसंल मन. आमाला झगाच दिसतो."

एका आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला मी माकणीला गेलो, तिथं मुक्काम पडला. परतलो तर दारात दोरीवर झगा वाळत होता. निळीतून काढलेला, लख्ख. दोन्ही बंद वाऱ्यावर हलत होते. मावशी ओट्यावर बसली होती, खुशीत.

"गाठ लई बसली व्हती," ती म्हणाली. "बोटांनी सुटंना. शेवटी दातानं सोडिवली."

"बरं केलंत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिनं मायेनंच केलं होतं. आत गेलो, दार ओढून घेतलं आणि रडलो. माती देताना रडलो नव्हतो. पाळकच रडला तर मंडळीनं कुणाकडं बघायचं?

ईस्टरच्या सकाळी मावशी बंद बांधायला पुढं आली. "राहू द्या," म्हणालो. तिला वाटलं, साहेब अजून रागावलेत. बंद तसेच लोंबत ठेवून मी मंडळीसमोर उभा राहिलो. समोरून झगा पांढराशुभ्र, नीटनेटका दिसत होता. शेवटचं माणूस बाहेर पडेपर्यंत मी पाठ फिरवली नाही.